घरच्या घरी वाढदिवसाचा थरांचा चॉकलेट केक



वाढदिवसाला पाटावर बसवून औक्षण करायची आपली रीत. आता त्याबरोबर मुलं केकचाही हट्ट धरतात. तालुक्याच्या गावाहून केक आणायचा म्हटलं, की पदरचे बरेच पैसे जातात आणि उन्हातून घरी पोचेपर्यंत वरचं क्रीम वितळून खोक्याला चिकटतं. खरं पाहता केकला लागणारं दूध, दही, लोणी आपल्या घरातच असतं. कोको हादेखील शेतमालच आहे. केरळ-कर्नाटकात नारळ-सुपारीच्या बागेत त्याचं आंतरपीक घेतात. भट्टी नसली तरी अडत नाही. माप मात्र अचूक हवं आणि आच मंद हवी.

साहित्य (सर्व मापे एकाच वाटीने घ्यावीत)

केकसाठी : मैदा दीड वाटी, पिठीसाखर एक वाटी, कोको पावडर पाव वाटी, ताजे घट्ट दही एक वाटी, गोडे तेल अर्धी वाटी, दूध सुमारे अर्धी वाटी, बेकिंग पावडर एक चहाचा चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, चिमूटभर मीठ.

सारणासाठी : दूध दीड वाटी, साखर अर्धी वाटी, कोको तीन मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे, लोणी एक मोठा चमचा.

इथे दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवा. सोडा खायचाच घ्यावा. धुण्याचा सोडा दिसायला तसाच पांढरा असतो, पण पोटात गेला तर इजा करतो. दुसरं असं, की फवारणीच्या औषधाचं टोपण किंवा रिकामा डबा कितीही धुतला तरी मापाला वापरू नये.

कृती

आधी भाजायची तयारी करा. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात धुऊन वाळवलेल्या वाळूचा किंवा जाड्या मिठाचा बोटभर थर पसरा. त्यावर लहान अडणी ठेवा, घट्ट झाकण लावा आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. प्रेशर कुकर असा कोरडा तापवू नका, पातेलंच बरं.

तोवर डब्याला आतून तेल लावून मैदा भुरभुरा. तळाला वर्तमानपत्राचा कागद घालू नका, त्याची शाई केकला लागते. मैदा, कोको, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळा. दही, साखर आणि तेल वेगळं घोटून घ्या. त्यात चाळलेलं पीठ घाला आणि लागेल तसं दूध घालून भज्याच्या पिठाइतकं सरसरीत करा. फार फेटू नका, केक चिवट होतो. दह्याची आंबट आणि सोडा एकत्र आले, की लगेच वायू सुटू लागतो आणि त्यावरच केक फुगतो. म्हणून मिश्रण तयार होताच डब्यात ओता, अर्ध्याहून थोडा अधिक डबा भरा आणि तापलेल्या पातेल्यात ठेवा.

आता आच मंद करा. चुलीवर करत असाल तर जाळ ओढून नुसते निखारे ठेवा, चार निखारे झाकणावरही ठेवा. पहिली पंचवीस मिनिटं झाकण अजिबात उघडू नका. गार हवा लागली, की अर्धवट फुगलेला केक मध्ये बसतो आणि सारं साहित्य वाया जातं. चाळीस-पन्नास मिनिटांनी मधोमध सुरी खुपसून पाहा. कोरडी निघाली, की केक झाला.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये, चुरा होतो. शक्य तर आदल्या रात्रीच भाजून ठेवा. सकाळी मधोमध कडेने सुरीची खूण करा, खुणेत मजबूत दोरा गुंडाळून दोन्ही टोकं ओढा. सारखे दोन थर निघतात.

सारणाचा कोको, साखर आणि कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवा, उरलेलं दूध घाला आणि मंद आचेवर सतत ढवळत घट्ट शिजवा. उतरवून लोणी मिसळा. भांडं गार पाण्यात ठेवून निववा. खालच्या थरावर साखरेचं पाणी शिंपडा, सारण पसरा, वरचा थर ठेवा आणि वरून-बाजूंनी सारण लावा.

सजावटीला बाजूने भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट किंवा सुकं खोबरं दाबा, वर डाळिंबाचे दाणे मांडा. नाव लिहायचं असेल, तर ताजं लोणी आणि पिठीसाखर फेसून स्वच्छ कागदाच्या कोनात भरा आणि टोक कापून लिहा. न खायचे रंग किंवा चमकी लावू नका.

सारण दुधाचं आहे. म्हणून ते संध्याकाळी, कार्यक्रमाच्या थोडंच आधी लावा आणि केक दोन तासांत संपवा. उरलाच, तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खा. बाहेर राहिलेला मुलांना देऊ नका.

पहिल्या खेपेला वाढदिवसाची वाट पाहू नका. एखाद्या रिकाम्या दुपारी निम्म्या मापाने लहान डब्यात करून पाहा. आपल्या चुलीची आच कशी लागते ते कळेल, आणि वाढदिवसाच्या दिवशी हात चुकणार नाही.