केलेले काम चारचौघांत सांगणे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय पत्रिकेत वाचून आमचे एक वृद्ध स्नेही हसत हसत म्हणाले, "मास्तर, तुम्ही मॅट्रिक. उभा जन्म बाराखडी आणि पाढे घोकून घेण्यात गेला. संगणकवाल्यांच्या परिषदांशी तुमचा काय संबंध?" शंका रास्त आहे. संगणकावर एक साधे पत्र उतरवावयाचे तर आमचा अर्धा दिवस जातो, आणि तेही शेवटी नाहीसे होते. तेव्हा यंत्रविद्येचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु एखादी गोष्ट दुसऱ्यास समजावून कशी सांगावी, या एका प्रश्नाशी आम्ही छत्तीस वर्षे झगडलो आहोत, आणि त्या परिषदांत जे चालते ते मूळचे याच जातीचे काम आहे, असे आमच्या ध्यानात आले. ते कसे आले, हे निवेदन करण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

आपल्या ज्ञातीची आजची स्थिती आपणांस ठाऊक आहे. वडिलांच्या काळी दुकानाच्या ओट्यावर शिवणयंत्र चाले. आज त्याच घरांतील मुलेमुली पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहेत. पण "बाळ, तू नेमके करतोस काय?" असे विचारले, तर "कंपनीत आहे" यापलीकडे उत्तर मिळत नाही. पूर्वी बापाचे काम मुलास ओट्यावर बसल्या बसल्या दिसत असे. आता मुलाचे काम बापास दिसत नाही.

म्हणून प्रथम ते काम थोडक्यात सांगतो. आरंभी वेबवरील पान हे छापील पानासारखे होते. वाचावे आणि पुढे जावे. त्यात एखादा आकडा बदलावयाचा झाला तर निरोप दूरच्या सर्व्हरकडे जाई आणि तेथून सबंध पान नव्याने येई. एका बेरजेतला हातचा चुकला म्हणून मास्तरांनी सगळा फळा पुसावा, पहिल्यापासून लिहावे, आणि तोवर वर्गाने हाताची घडी घालून बसावे, तसा हा प्रकार. १९९५ साली ब्रेंडन आइक या गृहस्थांनी नेटस्केप कंपनीत सुमारे दहा दिवसांत जावास्क्रिप्ट ही भाषा रचली आणि पानाला हालचाल आली. पुढे सबंध पान न बदलता हवा तेवढाच मजकूर मागविण्याची युक्ती निघाली. २००४ साली गूगलची टपाल-सेवा व २००५ साली त्यांचे नकाशे लोकांपुढे आले, तेव्हा तिची खरी प्रचीती आली. आज आपण रेल्वेच्या तिकिटासाठी गाडी निवडतो किंवा नकाशा बोटाने सरकवितो आणि पडदा जागच्या जागी उत्तर देतो. माणसाने विचारावे आणि पानाने उत्तर द्यावे, अशी रचना करणे हे या मुलांचे काम.

आता त्या परिषदांकडे वळू. हे काम करणारे लोक वर्षातून एकदोनदा कोठेतरी जमतात आणि ज्याने काही नवे केले तो उभा राहून अर्धा-पाऊण तास ते इतरांस दाखवितो. नुसते वर्णन करून भागत नाही. यंत्र सभेपुढे चालवून दाखवावे लागते, आणि पुष्कळदा ते नेमके त्याच वेळी रुसते. आपल्याकडे बंगळूर येथे 'जेएसफू' ही परिषद २०११ पासून भरू लागली. २०१९ साली गोव्यात 'रिॲक्ट इंडिया' भरली. म्हणजे ही गोष्ट आता आपल्या उंबरठ्यापर्यंत आली आहे.

ज्या वेबवर हा सारा डोलारा उभा आहे तिचे जनक टिम बर्नर्स-ली यांचाच अनुभव पाहा. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथे याच विषयाच्या विद्वानांची परिषद होती. त्यांचा निबंध तेथे वाचनासाठी स्वीकारला गेला नाही. तेव्हा त्यांनी आपली वस्तू केवळ प्रात्यक्षिक म्हणून मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखविली. निबंध नाकारला म्हणून गृहस्थ रुसून घरी बसले नाहीत.

दुसरी गोष्ट २०१३ सालची. फेसबुक कंपनीतील जॉर्डन वॉक यांनी पडद्यावरील पाने रचण्याची 'रिॲक्ट' नावाची नवी पद्धत काढली होती. मे महिन्यात अमेरिकेतील परिषदेत ती प्रथम सर्वांपुढे मांडण्यात आली. स्वागत काही चांगले झाले नाही. पानाचा आराखडा एका ठिकाणी आणि त्याला हलविणारी जावास्क्रिप्ट दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, असा धडा त्या पिढीने गिरविला होता. आणि येथे तर दोन्ही एकाच कागदावर कालविलेली! पुष्कळांनी नाके मुरडली. त्याच वर्षी बर्लिन येथील परिषदेत त्यांचे सहकारी पीट हंट उभे राहिले. त्यांनी श्रोत्यांचा आक्षेपच हाती घेतला. तुम्ही वेगळे ठेवता ते दोन भाषांना, दोन कामांना नव्हे. मग त्यातून लाभ कोणता, अशा रीतीने त्यांनी विषय उलगडला. हळूहळू वारे फिरले आणि ती पद्धत जगभर पसरली. यंत्र तेच होते. फरक पडला तो समजावणीत. वर्गात एखादा हिशेब मुलांच्या डोक्यात शिरेना म्हणजे आम्ही तोच हिशेब अधिक मोठ्याने सांगत असू. मुलगा कोठे अडला आहे हे पाहावे, ही बुद्धी आम्हांस फार उशिरा आली.

परंतु आम्हांस सर्वांत अधिक भावला तो रायन डाल या तरुणाचा वृत्तांत. नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या परिषदेत त्याने 'नोड' ही आपली रचना दाखविली. तिचे मर्म आम्हांस असे समजले. मास्तरांनी एका मुलास खडू आणावयास पाठविले आणि तो परत येईपर्यंत सगळा वर्ग थांबवून ठेवला, तर शाळा कशी चालेल? पुष्कळ सर्व्हर असेच वाट पाहत ताटकळत असत. डालने सांगितले की, खडू येईल तेव्हा येईल. तोवर पुढच्या मुलाचे पाढे म्हणवून घ्या, आणि खडू आल्याची हाक आली म्हणजे फळ्याकडे वळा. भाषण संपताच सभा उभी राहिली आणि टाळ्यांचा गजर झाला. ही झाली कीर्तीची गोष्ट. अशा गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. नवल पुढेच आहे. २०१८ साली हाच मनुष्य त्याच बर्लिनमध्ये, त्याच परिषदेच्या व्यासपीठावर पुन्हा उभा राहिला आणि 'नोड'च्या बाबतीत आपणांस ज्यांचा पश्चात्ताप होतो अशा गोष्टी त्याने भरसभेत मोजून सांगितल्या. सुरक्षिततेचा पुरेसा विचार केला नाही, ही त्यांतील एक. ज्या कृतीने नाव मिळविले तिचे दोष, ज्या लोकांनी डोक्यावर घेतले त्यांच्यापुढेच! आमच्या आयुष्यात आम्ही असंख्य सत्कारसमारंभ पाहिले. हारतुरे स्वीकारणारा मनुष्य आपल्या चुका मोजीत आहे, असे दृश्य एकदाही पाहिल्याचे स्मरत नाही. आमच्या स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशीही नाही.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने ऐकण्याजोगी आहे. बर्लिनच्या याच परिषदेच्या चालकांनी २०१२ साली असे ठरविले की, भाषणासाठी आलेले प्रस्ताव प्रथम नावे झाकून वाचावयाचे. शिवाय स्त्रियांनी आपले प्रस्ताव पाठवावेत म्हणून त्यांना आवर्जून विनविले. त्या वर्षी वक्त्यांत एकचतुर्थांश स्त्रिया होत्या. नाव झाकले म्हणजे आडनावही झाकले. ज्यांचे आडनाव ऐकून शाळेत मागच्या बाकावर जागा दाखविली जाई, असे आमच्या वयाचे लोक या मांडवात बसले आहेत. त्यांस याचा अर्थ आम्ही सांगावयास नको.

आता घरातील हकीकत सांगतो. आमची धाकटी कन्या पुण्यास याच कामावर आहे. गेल्या वर्षी तिने अशाच एका परिषदेकडे प्रस्ताव धाडला आणि तो स्वीकारला गेला. आनंद एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवसापासून तिची झोप उडाली. शेवटी ती घरी आली आणि म्हणाली, "नाना, तुम्ही आणि आई समोर बसा. मी बोलते. तुम्हांला काय कळले तेवढे सांगा." आम्ही दोघे पाटावर बसलो. तिने चाळीस मिनिटे भाषण केले. ते संपल्यावर आम्ही मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, "छान झाले." ती म्हणाली, "छान नको. काय कळले?" आम्ही निरुत्तर झालो. खरे सांगावयाचे तर काहीही कळले नव्हते.

तेव्हा आमच्या कुटुंबाने तोंड उघडले. तिचे शिक्षण सातवीपर्यंत. परंतु वडिलांच्या दुकानात तिने कापड बेतण्यापासून काजे करण्यापर्यंत सर्व काम केलेले. ती म्हणाली, "अगं, तू ते पडद्यावरचे पुन्हा पुन्हा बदलते म्हणतेस, तर एक बाही बिघडली म्हणून सगळे पोलके उसवतात का तुमच्यात?" मुलगी चमकली. म्हणाली, "नाही आई, तेच तर! सगळ्या पोलक्याचा नवा बेत आम्ही आधी कागदावर काढतो. तो जुन्या बेतावर ठेवून पाहतो. जिथे फरक दिसतो तेवढीच शिवण उसवतो. कापडाला उगाच हात लावीत नाही." एवढे ऐकताच आम्हांस ते 'रिॲक्ट' प्रकरण लख्ख कळले, आणि आमच्या कुटुंबास तर आमच्याही आधी कळले होते. त्या रात्री तिने भाषण नव्याने लिहिले. परिषदेत आरंभी तिने आपल्या आजोबांचे दुकान आणि ती बाही सांगितली. मधेच तिचे यंत्र अडले. तिने ते लपविले नाही. "थांबा, माझा टाका चुकला आहे," असे म्हणून सर्वांसमक्ष चूक शोधून दुरुस्त केली. लोकांनी पुढे येऊन विचारपूस केली ती त्याच भागाविषयी.

हे सर्व कन्येच्या कौतुकासाठी सांगितले, असे कोणी समजू नये. याच मांडवात आमच्या हातून एक अपराध घडलेला आहे. सुमारे बारा वर्षांपूर्वी आम्ही या मंडळाचे चिटणीस होतो. गुणगौरवाच्या दिवशी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी पिशवीत संगणक घेऊन आला. त्याने आपल्या वधूवरसूचीची संगणकावर मांडणी केली होती. गाव निवडावे, शिक्षण निवडावे, की डोळ्यांदेखत यादी लहान होत जाते. "मला दहा मिनिटे द्या, सर्वांना दाखवितो," एवढीच त्याची मागणी होती. जेवणाची पंगत खोळंबली होती. आम्ही म्हणालो, "बाळ, पाकीट घे, अध्यक्षांना नमस्कार कर आणि खाली उतर. भाषणे करावयास मोठी माणसे आहेत." तो उतरला. संगणक पिशवीतून बाहेर निघालाच नाही. तो मुलगा आज जर्मनीत आहे. मंडळाने त्यास तीन पत्रे लिहिली, उत्तर नाही. आणि आपण अजून दरवर्षी ती सूची छापतो. तिच्यातील काही वधूंची लग्ने होऊन त्यांची मुले बालवाडीत जाऊ लागलेली असतात.

त्याच दिवशी आम्ही विद्यार्थ्यांचे 'दोन शब्द' हे कलमही कार्यक्रमपत्रिकेतून काढून टाकविले. कारण वेळ वाचतो. तेव्हापासून आपली मुले या व्यासपीठावर येतात, टक्केवारी वाचली जाते, छायाचित्र निघते आणि ती मुकाट्याने उतरतात. हे कलम काढणारे आम्ही. म्हणून ते परत घालावे, ही सूचना मांडण्याचा भारही आमच्यावरच आहे.

सूचना अशी. पुढील वर्षापासून पाहुण्यांच्या भाषणांतून एक तास कमी करावा. आमचे भाषण असल्यास प्रथम तेच. त्या तासात चार मुलामुलींनी आपण केलेले काम पडद्यावर चालवून दाखवावे, प्रत्येकास पंधरा मिनिटे. मराठीत सांगावे. ज्येष्ठांनी मधे बोलू नये. मागाहून प्रश्न अवश्य विचारावेत, पण ते कामाविषयी, पगाराविषयी नव्हेत. निवड करताना प्रस्तावांवरील नावे झाकावीत. म्हणजे कोण कोणत्या विश्वस्तांचा भाचा, हा प्रश्न उद्भवणार नाही. पडद्याचा व यंत्राचा पहिल्या वर्षाचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. कोषाध्यक्षांनी त्याची पावती करावी.

जर्मनीतील त्या मुलास आम्ही गेल्या महिन्यात चौथे पत्र धाडले. ते मंडळाच्या वतीने नव्हे, आमच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे. त्यात बारा वर्षांपूर्वीची हकीकत जशी घडली तशी लिहिली आहे आणि पुढील संमेलनातील पहिली पंधरा मिनिटे त्याच्यासाठी मागितली आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही.

पंगत पुन्हा खोळंबली आहे, असे आचारी खुणावीत आहेत. अध्यक्षमहाराजांची अनुज्ञा घेऊन आम्ही खाली बसतो.