उतरवलेली दोरी



आजच्या निरूपणाला धनुष्य घेतलं आहे. सोन्याचांदीचं नाही हो, साधं लाकडाचं, बांबूचं. आपण खेड्यात ज्याला तिरकमठा म्हणतो ते. तुम्ही म्हणाल, महाराज, कीर्तनात हे कुठून आलं? तर माउली, फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला खेळून आला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये जगज्जेती झाली, तेव्हा तिचं वय होतं १७. तेव्हापासून साताऱ्या-सांगलीकडची पोरं आईबापाकडं धनुष्य मागायला लागली आहेत. त्या दोघांची धनुष्यं आधुनिक. पण आपल्या देशात बांबूच्या धनुष्याचीही स्पर्धा असते. तिला इंडियन राउंड म्हणतात. निशाण ५० आणि ३० मीटरवर. तेव्हा घरात धनुष्य येणार असेल, तर ते घ्यावं कसं आणि सांभाळावं कसं, हे ऐकून ठेवा.

पहिली गोष्ट निवडीची. बापाचा हात जड धनुष्याकडं जातो. ‘माझा वाघ हे ओढणार!’ धनुष्याची ओढ पौंडात मोजतात, आणि तिथं मोठेपणा शिरतो. तुम्ही एवढंच करा. पोराला दोरी हनुवटीपर्यंत ओढायला सांगा आणि सावकाश दहापर्यंत मोजा. मग दोरी सोडायची नाही, हळूच परत आणायची. मोजताना हात थरथरला, खांदा कानाला लागायला गेला, तर ते धनुष्य त्याचं नाही. हलकं घ्या. जड धनुष्यानं नेम शिकता येत नाही, खांदा मात्र दुखावतो.

आता लाकूड बघा. धनुष्य उभं केलं तर साधारण धरणाऱ्याच्या उंचीचं असावं. आखूड लाकडाला तेवढ्याच ओढीला जास्त वाकावं लागतं, म्हणून ते लवकर मोडतं. लाकडाचे रेषे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेलेले असावेत. रेषा मध्येच तुटून कडेला निघाली, की मोडायची जागा तीच समजा. बांबूचं असेल तर त्याची बाहेरची पाठ निशाणाच्या बाजूला येते. सगळा ताण ती सोसते, म्हणून ती खरवडलेली नसावी. विलायतेत यू नावाच्या झाडाची लांब धनुष्यं करत. तिथंही सालीलगतचं लाकूड बाहेर आणि गाभ्याचं आत ठेवत. बाहेरचं ताणलं जातं, आतलं दाबलं जातं. झाड निराळं, देश निराळा, पण लाकडाचा धर्म एकच.

आता मुख्य गोष्ट. सराव संपला की दोरी उतरवायची.

हे मी आज सांगतोय असं नाही. विराटपर्व काढून बघा. पांडव अज्ञातवासाला निघाले. विराटाच्या नगरीत शिरण्याआधी शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवायची ठरलं. तेव्हा व्यासांनी बारकावा कसा टिपलाय बघा: अर्जुनानं गांडीव ठेवलं ते दोरी उतरवून. धर्मराजानं, भीमानं, सगळ्यांनी तसंच केलं. आपल्या वाईला विराटनगरी म्हणतात. शेजारीच पांडवगड आहे, वैराटगड आहे. दुसरीकडचे लोकही हा मान आपल्या गावाला सांगतात, त्यावर आपण वाद घालायचा नाही. पण वाईच्या घाटावर उभं राहिलात तर हे आठवा. तेच कृष्णेचं पाणी पुढं माहुलीवरून, कऱ्हाडवरून सांगलीच्या घाटाला येतं.

दोरी का उतरवायची? चढवलेल्या दोरीनं लाकूड सतत वाकलेलं राहतं. राहता राहता त्याला वाकण्याचीच सवय लागते. मग दोरी काढली तरी ते सरळ होत नाही, आणि बाण टाकायचं बळ निघून जातं. गांडीव वर्षभर विसाव्याला होतं. उत्तरानं ते झाडावरून काढलं, अर्जुनानं दोरी चढवली, टणत्कार केला, आणि कौरवांची सेना हादरली.

आता पोराकडं बघा, माउली. पहाटे शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, रात्री गुणांची चौकशी. रविवारी सरावाचं मैदान, आणि तिथंही ‘पदक कधी?’ त्या लेकराची दोरी तुम्ही कधी उतरवता? वाकलेलं लाकूड बोलत नाही. लेकरूही बोलत नाही. एक दिवस ओढायला जावं आणि बळच नसावं, तेव्हा आपण लेकरालाच बोल लावतो.

दुसरा नियम. बाण लावल्याशिवाय ओढलेली दोरी सोडायची नाही. ओढीतलं बळ बाणाबरोबर जायचं असतं. बाणच नसेल तर ते उलटून लाकडात शिरतं आणि धनुष्य चिरतं. घरात विनाकारण केलेला आरडाओरडा असाच असतो. त्याला निशाण नाही, बाण नाही. फुटतं ते आपलंच घर.

बाकी सांभाळ सोपा आहे. धनुष्य कोपऱ्यात उभं टेकवू नका, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. उन्हात नको, चुलीजवळ नको, बंद गाडीत नको. पावसाळ्यात कोरड्या फडक्यानं पुसा, अधूनमधून जवसाचं तेल हलक्या हातानं चोळा. दोरीला मेण लावा. सरावाआधी बोट फिरवून चीर आहे का बघा. चीर दिसली तर त्या दिवशी ओढायचं नाही. खंडेनवमीला हळदकुंकू वाहालच, पण हीही पूजाच आहे.

आमचे मृदंगाचार्यही कीर्तन संपलं की धुमेची कणीक काढून ठेवतात. उद्या पुन्हा लावायची असते, तरी आज काढतात. मुंडक उपनिषदानं प्रणवाला धनुष्य म्हटलं आहे. ते धनुष्य ओढायला मन ताजं लागतं. म्हणून माउली, आज रात्री पोराशेजारी बसा. गुण विचारू नका, पदक विचारू नका. एकदा नाम घ्या, आणि त्याची दोरी उतरवा. आपलीही उतरवा.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!