समुद्रतळावरचे पट्टे

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आज इथे येताना तुमच्यापैकी काही जण जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून आला असाल. हडसनच्या पश्चिम काठावरचा तो काळपट उभा कडा, पॅलिसेड्स, पाहिला की मला सह्याद्री आठवतो. यात घरची ओढ आहेच, पण थोडं भूशास्त्रही आहे. पॅलिसेड्सचा खडक म्हणजे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, अमेरिका आणि आफ्रिका एकमेकांपासून फाटू लागले तेव्हा जमिनीत घुसून थिजलेला शिलारस. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबानं थोड्या, सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला आणि मधला समुद्र रुंदावू लागला.

हे आपल्याला कसं कळलं, हा आजचा विषय.

खंड सरकतात असं आल्फ्रेड वेगेनरनं १९१२ साली मांडलं. बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ते नाकारलं, आणि सगळाच दोष त्यांचा नव्हता. खंड कशामुळे सरकतात याचं पटणारं उत्तर वेगेनरकडे नव्हतं. १९३० मध्ये तो ग्रीनलंडमध्ये वारला. पुरावा होता समुद्राच्या तळाशी, आणि तिथे तेव्हा कोणी पोचलं नव्हतं.

याच हडसनच्या काठावर, पॅलिसेड्सच्या माथ्यावर, कोलंबिया विद्यापीठाची लॅमोंट वेधशाळा आहे. १९५० च्या दशकात तिथे मेरी थार्प आणि ब्रूस हीझन ॲटलांटिकच्या तळाचा नकाशा करत होते. हीझन बोटीवर जात. थार्पबाईंना बाई म्हणून बोटीवर प्रवेश नव्हता. त्या टेबलाशी बसून खोलीचे आकडे कागदावर उतरवत. महासागराच्या मधोमध पर्वतरांग आहे हे आधीच ठाऊक होतं. थार्पबाईंना दिसलं की तिच्या माथ्यावर एक खोल दरी आहे आणि ती एका नोंदीत नाही, ओळीनं अनेक नोंदींत आहे. म्हणजे तिथे तळ फाटतो आहे. हीझननी ती बायकी बडबड म्हणून उडवून लावली. पुढे शेजारच्याच टेबलावर भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडली गेली आणि ती नेमकी त्या दरीवरून ओळीनं पडली. मग हीझनना मानावं लागलं. आज आपण जाणतो की ही रांग सगळ्या महासागरांतून सुमारे ६५,००० किलोमीटर धावते.

दुसरा पुरावा आपल्या अरबी समुद्राच्या बाजूचा. सोमालियाच्या पूर्वेला कार्ल्सबर्ग रांग आहे. (हो, नाव बिअरवाल्यांच्याच प्रतिष्ठानावरून. मोहिमेला पैसे त्यांनी दिले होते!) १९६२ साली ब्रिटिश जहाज 'ओवेन'नं तिथे चुंबकीय मोजणी केली. लाव्हा थंड होताना त्यातले चुंबकीय कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राप्रमाणे लागतात. हे क्षेत्र अधूनमधून उलटतं; शेवटचं उलटलं सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वी. तळ मधून फाटून दोन्हीकडे सरकत असेल, तर रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट पट्टे दिसायला हवेत. केंब्रिजचा संशोधक-विद्यार्थी फ्रेड व्हाइन आणि त्याचे मार्गदर्शक ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये ही कल्पना 'नेचर'मध्ये छापली. कॅनडाच्या लॉरेन्स मोर्लेंनी तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती. त्यांचा लेख दोन नियतकालिकांनी परत पाठवला. १९६६ पर्यंत दक्षिण पॅसिफिकमधून इतकी सममित नोंद हाती आली की शंका घेणं अवघड झालं.

पट्ट्यांची रुंदी म्हणजे वेग. कार्ल्सबर्गपासून दूरचे, जुने पट्टे रुंद आहेत: भारत तेव्हा वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटर उत्तरेला धावत होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीपासून पट्टे अरुंद होतात, कारण भारत आशियाला धडकला. हिमालयाच्या जन्माची नोंद अशी समुद्राच्या तळाशी सापडते.

एक गैरसमज दूर करतो. रांगेतून वर येणारा शिलारस भूपट्टांना ढकलतो असं अनेकांना वाटतं. मुख्य ओढ दुसऱ्या टोकाला असते. तिथे जुना, थंड, जड तळ प्रावरणात बुडतो आणि मागच्या पट्टाला खेचतो. रांगेखाली पट्ट दूर झाले की खालचा खडक वर येतो, दाब कमी झाल्यानं अंशतः वितळतो आणि भेग भरतो. हिंदी महासागरात भारताला ओढणारा असाच तळ आशियाखाली गेला, म्हणून तो वेग.

शेवटी माझी एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीनं एका नोंदीत तोच पट्टा दोनदा दिसतो असं दाखवलं. "यंत्राची चूक असेल, पुढे जा," असं मी न बघताच म्हणालो. ती पुढे गेली नाही. तिनं शेजारच्या नोंदी काढल्या, सगळीकडे तेच. रांगेनं जागा बदलली होती आणि जुना पट्टा एकाच बाजूला राहिला होता. हीझनची गोष्ट मी दरवर्षी वर्गात हसत सांगतो, आणि स्वतः तेच केलं. मी तिची माफी मागितली, पण तिचे चार महिने वाया गेले होते. आपण अंधश्रद्धेविरुद्ध बोलतो तेव्हा समोरच्याची चूक चटकन दिसते. आपल्या हाताखालचं कोणी काही दाखवत असेल, तेव्हा आधी कागद बघावा, एवढंच मी त्यानंतर पाळायचा प्रयत्न करतो.

आपल्यातले बरेच जण वीसेक वर्षांपूर्वी इकडे आलो. तेवढ्या काळात ॲटलांटिक साधारण अर्धा मीटर रुंदावला आहे.

आता प्रश्न विचारा. माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा.