पुरा, सेक्टर आणि गुंठेवारी
(नभोवाणीवरील भाषण)



आमच्या मंठ्याहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यानें गांवाबाहेर पडूं लागलें कीं, पूर्वीं जेथें ज्वारी आणि कापूस दिसे, तेथें आतां ओळीनें पुरलेले लहान लहान दगड दिसतात. चार दगडांच्या मध्यें एक भूखंड. पांच-सहा भूखंडांनंतर एखादें अर्धवट बांधलेलें घर. आणि घराच्या दाराशीं पाण्याची एक काळी टाकी. मंठा हें तालुक्याचें ठिकाण आहे. येथें नगरपंचायत आहे. पूर्वीं परभणी जिल्ह्यांत मोडणारा हा भाग १९८१ सालीं नव्या जालना जिल्ह्यांत आला. मुलांची शाळा, दवाखाना, बाजार यांसाठीं आसपासच्या खेड्यांतून माणसें येथें येऊन राहतात आणि गांवाला नव्या वस्त्या फुटतात. यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु त्या दगडांकडे पाहतांना माझ्या मनांत दर वेळीं एक प्रश्न उभा राहतो : घरें जवळजवळ उभीं राहिलीं म्हणजे तेवढ्यानें वस्ती होते काय?

या प्रश्नाचें उत्तर आपल्या मराठवाड्याच्या सर्वांत मोठ्या शहरांत डोळ्यांनीं पाहावयास मिळतें. हें शहर म्हणजे औरंगाबाद; २०२३ सालापासून त्याचें नांव छत्रपती संभाजीनगर असें झालें आहे. या एकाच शहरांत तीन तऱ्हेच्या वस्त्या शेजारीं शेजारीं नांदतात : पुरा, सेक्टर आणि गुंठेवारी. तिन्ही निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या लोकांनीं वसविल्या. त्या कशा वसल्या आणि पुढें त्यांचें काय झालें, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम पुऱ्याकडे पाहूं. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें १६१० सालीं खडकी या खेड्याच्या जागीं नगर वसविलें. जमीन खडकाळ आणि जवळची खाम नदी अगदीं लहान. अशा ठिकाणीं राजधानी चालवावयाची तर पाणी कोठून आणावयाचें? अंबरानें त्यासाठीं धरण बांधलें नाहीं. उत्तरेस हर्सूलच्या खोऱ्यांत जमिनीखालीं झिरपणारें पाणी त्यानें भुयारी नळांत गोळा केलें आणि उतारानें नगरांत आणलें. वाटेंत ठिकठिकाणीं विहिरीसारखीं तोंडें ठेवलीं, म्हणजे आंत उतरून गाळ काढतां यावा. नगराजवळ तें पाणी उंच स्तंभांत चढे, त्यांतील कोंडलेली हवा निघून जाई आणि मग तें पुढें सरके. पेशव्यांनीं पुढें पुण्यास कात्रजहून पाणी आणलें, त्या नळावरील अशाच स्तंभांना उच्छ्वास म्हणत. या सगळ्या व्यवस्थेंत बैल नाहीं, मोट नाहीं, इंधन नाहीं. पाणी आपल्या वजनानें आपण चाले. हीच नहर-ए-अंबरी.

मलिक अंबर १६२६ सालीं वारला. मोगलांनीं हा प्रदेश जिंकला आणि १६५३ सालीं दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबानें नगरास आपलें नांव दिलें. मोगल फौजांबरोबर उत्तरेचे रजपूत सरदार आले आणि ज्यानें जेथें तळ दिला, तेथें त्याच्या नांवाचा पुरा झाला. बिकानेरच्या कर्णसिंहाचा कर्णपुरा, त्याचा पुत्र पद्मसिंह याचा पदमपुरा, मिर्झाराजे जयसिंह यांचा जयसिंगपुरा, बुंदेला पहाडसिंह याचा पहाडसिंगपुरा. सरदार गेले, त्यांचीं राज्यें गेलीं. परंतु आजहि रिक्षावाल्याला 'पदमपुरा' म्हटलें कीं तो बरोबर नेऊन सोडतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, नगर वाढूं लागलें तशा नव्या नहरीहि वाढत गेल्या. बीबी-का-मकबऱ्याजवळच्या बेगमपुऱ्यासाठीं थत्ते नहर झाली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यास दुसरी एक नहर आली. तिच्या पाण्यावर दळणाचें जातें फिरे आणि जातें फिरवून झालें कीं तेंच पाणी हौदांत पडे. ही पाणचक्की सहलीला गेलेल्या प्रत्येक शाळकरी मुलानें पाहिलेली असते. पुरा वसला कीं पाणी कोठून येणार, हें ठरलेलें असे. आणि तें आणण्याची जबाबदारी कोणाची, हेंहि ठाऊक असे.

पण १७६३ सालीं निजामानें राजधानी हैदराबादेस नेली आणि औरंगाबादेचें वैभव ओसरलें. १९०१ च्या शिरगणतीत छावणी धरून येथील लोकसंख्या सुमारे ३७ हजार भरली. वस्ती विरळ झाल्यावर नहरींची देखभालहि सैल पडली. तोंडें बुजलीं, कोठें त्यांवर घरें उठलीं, कोठें झाडांचीं मुळें आंत शिरलीं. तरीहि त्यांचे कांहीं भाग विसाव्या शतकांत वाहत होते. बांधणारांनीं काम पक्कें केलें होतें. कमी पडले ते गाळ काढणारे हात.

आतां दुसरी तऱ्हा. विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाडहून हैदराबादकडे जाणारी आगगाडी या शहरावरून धांवूं लागली. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेनें येथें मिलिंद महाविद्यालय निघालें, १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें आणि आमच्यासारख्या आडगांवच्या मुलांना पदवीची वाट मोकळी झाली. मग कारखाने आले. चिकलठाणें आणि पुढें वाळूज येथें औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. १९७२ च्या दुष्काळानें खेडीं होरपळलीं, तेव्हां ज्यांनीं गांव सोडलें त्यांपैकीं अनेकांनीं हेंच शहर जवळ केलें. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें महानगरपालिकेच्या हद्दींतील लोकसंख्या पावणेबारा लाख होती.

एवढ्या माणसांना घरें हवींत, म्हणून सत्तरच्या दशकांत शासनानें 'नवें औरंगाबाद' वसविण्याचें काम सिडकोकडे सोंपविलें. मुंबईपलीकडे नवी मुंबई रचण्यासाठीं १९७० सालीं स्थापन झालेली ही संस्था. तिनें मुकुंदवाडीसारख्या गांवांच्या शेतजमिनी संपादन करून त्यांवर आधीं नकाशा आंखला. रस्ते सरळ, शाळेची जागा वेगळी, दुकानांची वेगळी, बागेची वेगळी. वस्त्यांना सरदारांचीं नांवें न देतां क्रमांक दिले : एन-१, एन-२, एन-३. लहान नोकरदारासाठीं एका खोलीचें का होईना, पण पुढें वाढवितां येईल असें घर दिलें. क्रमांकाचें नांव प्रथम रुक्ष वाटतें. परंतु ज्या मध्यमवर्गीय कुटुंबानें त्या घरावर पंचवीस वर्षें हप्ते भरले, त्याला 'आमचें एन-सात' म्हणतांना जो जिव्हाळा वाटतो, तो पदमपुऱ्याहून उणा नाहीं. २००६ सालीं या वस्त्या सिडकोकडून महानगरपालिकेच्या हातीं आल्या.

येथें एक मूलभूत फरक झाला, तो नीट ध्यानांत घेतला पाहिजे. अंबराचें पाणी जवळच्या खोऱ्यांतून उतारानें येई. नव्या शहराचें पाणी दूरच्या गोदावरीवरून चढावर येतें. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें घातला गेला आणि १९७६ सालीं इंदिरा गांधींनीं धरणाचें उद्घाटन केलें. त्या नाथसागराचें पाणी चाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर, पंपांनीं उचलून आणावें लागतें. वीज गेली, जलवाहिनी फुटली, कीं शहराचे नळ कोरडे. नाथसागर भरलेला असूनहि गेल्या दहा-पंधरा वर्षांत या शहरांतील कित्येक भागांनीं चार-चार, आठ-आठ दिवसांनीं पाणी येण्याचा अनुभव घेतला आहे. सेक्टरचा नकाशा उत्तम होता. परंतु पाण्याची दोरी फार लांब आणि ती ओढणारे हात फार दूर, अशी त्याची अवस्था झाली.

तिसरी तऱ्हा या दोहोंहून निराळी. सिडकोचें घर ज्याच्या ऐपतीपलीकडे, त्या मजुरानें, हमालानें, कारखान्यांतील कच्च्या कामगारानें काय करावें? शहराच्या कडेचा शेतकरी त्याला एक गुंठा विकूं लागला. एकराचे चाळीस गुंठे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे तुकडे पाडण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी. म्हणून कित्येकदां खरेदीखत न होतां केवळ मुद्रांकाच्या कागदावर व्यवहार होई. विकणारा जितका रस्ता सोडील तितका रस्ता. गटार नाहीं, नळ नाहीं, शाळेला जागा नाहीं. अशा वस्त्यांचें प्रमाण इतकें वाढलें कीं, २००१ सालीं शासनाला त्या नियमित करण्यासाठीं गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि २०२१ सालीं त्यांत दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीस तो लागू करावा लागला. तेथें राहणाऱ्या माणसांना मी दोष देत नाहीं. त्यांनीं पोटाला चिमटा घेऊन स्वतःचें छप्पर उभें केलें. परंतु कायद्यानें कागद नियमित होतो. आठ फुटांची गल्ली त्यामुळें वीस फुटांची होत नाहीं. रात्रीं-अपरात्रीं रुग्णवाहिका तोंडाशींच थांबते आणि आजाऱ्याला खाटेवर घालून बाहेर आणावें लागतें.

मग गरिबानें वसविलेली वस्ती अशीच असावयाची, असा कांहीं नियम आहे काय? तसें नाहीं, याचें एक उदाहरण सातासमुद्रांपलीकडचें आहे. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाची राजधानी लिमा. तेथें पाऊस जवळजवळ पडतच नाहीं. १९७१ च्या मे महिन्यांत कांहीं बेघर कुटुंबांनीं शहराच्या कडेची मोकळी जमीन व्यापली. सरकारनें त्यांना तेथून हलवून दक्षिणेकडील उघड्या वाळूच्या माळावर जागा दिली. बोरूच्या चटयांच्या भिंती, टँकरचें पाणी आणि दिवा रॉकेलचा, अशी त्यांची सुरुवात. परंतु चटई उभी करण्याआधीं तेथें नकाशा आंखला गेला. चोवीस भूखंडांची एक आळी. अशा सोळा आळ्यांचा एक गट. आणि प्रत्येक गटाच्या मध्यभागीं बालवाडी, दवाखाना, खेळाचें मैदान यांसाठीं सर्वांची मोकळी जागा. प्रत्येक गटानें आपले पुढारी निवडले. वीज आणि नळ येण्यास वर्षें लागलीं. पण जेव्हां ते आले, तेव्हां त्यांना जाण्यास वाट होती. ही वस्ती म्हणजे विया एल साल्वादोर. १९८३ सालीं ती लिमाचा स्वतंत्र विभाग झाली आणि १९८७ सालीं स्पेनमधील प्रिन्स ऑफ अस्तुरियस पारितोषिकानें तिचा गौरव झाला. आमचा गुंठेवारीतला मजूर आणि तो लिमाचा मजूर यांच्या दारिद्र्यांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो एवढाच कीं, तेथें सर्वांची जागा आधीं सोडली गेली आणि आपापलीं घरें मागून बांधलीं गेलीं.

आतां मी पुन्हां मंठ्याच्या त्या दगडांकडे येतों. मोठ्या शहरानें जें चुकविलें तें दुरुस्त करण्यास त्याच्याजवळ निदान पैसा आहे, महानगरपालिका आहे. लहान गांवाजवळ तो नाहीं. उलट लहान गांवाजवळ एक गोष्ट आहे, जी मोठ्या शहराजवळ उरलेली नाहीं : वेळ. आज जेथें दगड आहेत, तेथें अजून भिंती झालेल्या नाहींत. जो ओढा आज दोन भूखंडांच्या मधून वाहतो, तो अजून बुजलेला नाहीं. जी जुनी विहीर बांधावर आहे, तिच्यांत अजून कचरा पडलेला नाहीं.

आमच्याच घरीं तीन वर्षांपूर्वीं अशा एका भूखंडाचा सौदा झाला. विकणाऱ्या गृहस्थानें सांगितलें कीं, नळ येणारच आहे. आम्हीं भाव विचारला, दिशा विचारली, मुहूर्तहि विचारला. नळ कोणत्या सालीं आणि कोणत्या वाटेनें येणार, एवढें विचारावयाचें राहून गेलें. आज तेथें कूपनलिका आहे आणि एप्रिल लागला कीं ती हवा ओढते. तेव्हां दुसऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार मला कितपत आहे हें मी जाणून आहें. पण ठेंच लागलेल्यानें दगड दाखवावा, एवढ्याच भावनेनें बोलतों.

घरांतील कर्त्या स्त्री-पुरुषांना माझी विनंति इतकीच कीं, भूखंड घेण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. जमीन बिनशेती झाली आहे काय आणि मंजूर नकाशा डोळ्यांनीं पाहिला आहे काय? पावसाचें पाणी कोणत्या वाटेनें वाहून जातें आणि ती वाट नकाशांत मोकळी ठेवली आहे काय? आणि सर्वांसाठीं सोडलेली जागा खरोखरच सोडलेली आहे, कीं तीहि कोणाला विकून झाली आहे? एकट्यानें विचारल्यास विकणारा हंसेल. दहा घेणारे मिळून नगरपंचायतीच्या कचेरींत गेले आणि नकाशा मागितला, तर त्याला तो दाखवावा लागेल. ज्यांचीं घरें आधींच झालीं आहेत, त्यांनीं निदान आपल्या आळींतील ओढा बुजूं देऊं नये आणि जुनी विहीर उन्हाळ्यापूर्वीं एकदां उपसून घ्यावी. मलिक अंबराच्या नहरींना जी देखभाल उत्तरकाळीं मिळाली नाहीं, ती हीच होती.

येत्या पावसाळ्याला अजून अवधि आहे. तोंवर एका रविवारीं आपल्या वस्तींतून एकदां पायीं हिंडून पाहा.