संशोधकाची शिदोरी



माझी एक जुनी विद्यार्थिनी मक्याच्या वाणांचें संशोधन करण्यासाठीं चार महिन्यांनीं मेक्सिकोस जाणार आहे. परवां ती भेटावयास आली, तेव्हां तयारीची भली मोठी यादी तिच्या हातांत होती. पदवीपत्रांवर अपोस्टिलची मुद्रा उमटवून घेणें, त्यांचें स्पॅनिश भाषांतर करविणें, वकिलातीकडून तात्पुरत्या निवासाचा व्हिसा मिळविणें, आणि तेथें उतरल्यापासून ३० दिवसांच्या आंत निवासपत्रासाठीं अर्ज करणें, अशीं सर्व कलमें तींत होतीं. मीं विचारलें, "आणि भाषेचें काय?" ती हंसून म्हणाली, "गुरुजी, प्रयोगशाळेंत सगळें इंग्रजींतच चालतें. स्पॅनिश काय, तेथें गेल्यावर येईलच!"

हें उत्तर मला खटकलें. त्याविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मेक्सिको ही मक्याची जन्मभूमि होय. तेथील शेतकऱ्यांनीं मक्याचे सुमारे ६० देशी प्रकार पिढ्यान्‌पिढ्या राखिले आहेत. कोणतें कणीस बियाण्यासाठीं ठेवावें, पाऊस लांबला तर कोणतें पीक तग धरतें, ही विद्या ग्रंथांत थोडी आणि शेतकऱ्याच्या जिभेवर अधिक. मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून, वाटून, त्याच्या भाकरीसारख्या तोर्तिया थापणाऱ्या गृहिणीस दाण्याची जी पारख असते, ती तिला कोणत्या भाषेंत विचारावयाची? दुभाषा प्रश्नाचें उत्तर आणून देईल. पण न विचारलेली गोष्ट, जी बोलतां बोलतां सहज निघते आणि जींत पुष्कळदां संशोधनाचें बीज असतें, ती त्याच्या हातून निसटून जाते.

या बाबतींत आपल्याच एका माणसाचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळींतील क्रांतिकारक १९२४ सालीं मेक्सिकोंत गेले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत ते प्राध्यापक झाले, आणि मका व गहूं या पिकांवर त्यांनीं संशोधन केलें. पण ते तेवढ्यावर थांबले नाहींत. गरीब शेतकऱ्यांसाठीं मुक्त कृषिशाळा चालविण्याच्या कार्यांत त्यांनीं पुढाकार घेतला. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनीं मेक्सिको शहरांतील शिक्षणखात्याच्या इमारतींत काढलेल्या एका भित्तिचित्रांत खानखोजे आहेत. परक्या देशाच्या भिंतीवर असें स्थान केवळ परीक्षानळींत डोकावून मिळत नाहीं. त्यासाठीं शेताच्या बांधावर बसून बोलावें लागतें.

मराठी माणसास ही भाषा फारशी जड जाऊं नये. आपल्याकडे लिंगें तीन; तेथें दोनच. "तूं" आणि "आपण" यांतील भेद आपल्या अंगवळणीं असल्यामुळें वडीलधाऱ्यांस "उस्तेद" म्हणण्याचें मर्म आपल्याला लवकर उमगतें. "असणें" या अर्थाचीं क्रियापदें मात्र दोन आहेत, एक स्थायी स्वरूप सांगणारें आणि दुसरें तात्कालिक स्थिति सांगणारें. तेथें सराव हवा. आणखी एक सूचना. तेथें नांवापुढें बापाचें व आईचें अशीं दोन आडनांवें लावितात. आपलें मधलें, पित्याचें नांव तेथील कारकून पहिलें आडनांव समजण्याचा संभव असतो. म्हणून सर्व कागदांवर नांव एकाच रीतीनें लिहिलेलें असावें.

एवढें करूनही काम पुरें होईल असें नाहीं. मेक्सिकोंत स्पॅनिशखेरीज ६८ देशी भाषा राष्ट्रीय भाषा म्हणून मानल्या जातात, आणि कित्येक खेड्यांत घरांत नाहुआत्ल किंवा तशीच दुसरी भाषा बोलतात. तेथें दुभाष्यावांचून गत्यंतर नाहीं. परंतु जो एक परभाषा कष्टानें शिकला, तो दुसरीपुढें नम्र होतो, आणि अशा माणसाशीं लोक मोकळेपणानें बोलतात.

मीं हें सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनें यादी पुन्हां उघडली. वर जागा नव्हती, म्हणून तिनें समासांत लिहिलें, "स्पॅनिश, रोज सकाळीं एक तास."