रोजची वाट : फ्रान्सिस विलार्ड यांची श्रद्धा आणि सायकल

(हीरकमहोत्सवानिमित्त लखनौच्या चौक भागातील माजी विद्यार्थी व पालक यांच्या स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाची संहिता)



गोल दरवाजा ते अकबरी दरवाजा हा चौकाचा जुना रस्ता आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या आपल्या पायाखालच्या आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडची अनेक कुटुंबे गलाईच्या धंद्यानिमित्त देशभरच्या सराफ बाजारांत पसरली. त्यांतील काहींचे बिऱ्हाड या चौकात थाटले गेले. जिथे मोटार अडते, त्या बोळांतून सायकल सहज पुढे जाते, हे येथील रहिवाशांना सांगण्याची गरज नाही. आजचा विषय मात्र थोडा वेगळा आहे. रोजची सायकल आणि मनातील श्रद्धा यांचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो काय? एका ख्रिस्ती शिक्षिकेच्या आयुष्याने या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. ती शिक्षिका अमेरिकेतील असली, तरी तिचे धागे लखनौशी आणि महाराष्ट्राशीही जुळलेले आहेत.

प्रथम लखनौचा धागा पाहू. चौकापासून फार दूर नसलेल्या अमीनाबादच्या बाजारात 1870 साली इझाबेला थोबर्न या अमेरिकन मेथडिस्ट शिक्षिकेने एका खोलीत सहा मुलींची शाळा सुरू केली. पुढे 1886 साली याच रोपट्याला महाविद्यालयाचे रूप आले आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या काळात मुलींना शिकवण्यापेक्षाही त्यांना घरातून शाळेपर्यंत आणणे अधिक कठीण होते. फळा, खडू, पुस्तके यांची सोय करता येत होती. परंतु घराचा उंबरठा आणि शाळेचे दार यांमधील रस्ता मुलीचा नव्हता. तो रस्ता पडद्याचा, सोबतीचा आणि लोकांच्या नजरेचा होता.

थोबर्न यांच्याच वयाची आणि त्यांच्याच पंथाची दुसरी शिक्षिका म्हणजे फ्रान्सिस विलार्ड. जन्म 1839 चा. 1871 साली शिकागोजवळच्या इव्हान्स्टन येथील स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या त्या अध्यक्षा झाल्या. पुढे त्यांनी मद्यपानाविरुद्ध लढणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेस वाहून घेतले आणि 1879 पासून अखेरपर्यंत तिचे नेतृत्व केले. दारूने उद्ध्वस्त झालेले घर हा त्यांच्या दृष्टीने केवळ नीतीचा विषय नव्हता. त्या घरातील स्त्रीला मिळकत नाही, मत नाही आणि बाहेर पडण्याची मोकळीक नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून मद्यबंदीबरोबरच स्त्रियांचा मताधिकार, शिक्षण आणि मजुरांचे प्रश्न हेही त्यांनी संघटनेच्या कामात आणले.

महाराष्ट्राचा धागा येथेच जुळतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई 1886 साली अमेरिकेस गेल्या आणि सुमारे तीन वर्षे तेथे राहिल्या. त्या मुक्कामात त्यांचा विलार्ड यांच्याशी स्नेह जडला. रमाबाईंच्या कार्यास साहाय्य करण्यासाठी 1887 साली बॉस्टनमध्ये जी मंडळी स्थापन झाली, तिच्या उपाध्यक्षांत विलार्ड यांचे नाव होते. त्या साहाय्याच्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. त्याच 1889 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेविषयीच्या आपल्या मराठी पुस्तकात रमाबाईंनी तेथील स्त्रियांच्या संघटनांचे कार्य मराठी वाचकांपुढे मांडले.

आता सायकलकडे वळू. पुढचे चाक प्रचंड आणि मागचे चिमुकले, अशी जुनी सायकल धाडसी तरुणांचेच वाहन होती. 1885 साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी समान चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल आणली आणि 1888 साली डनलॉप यांच्या हवेच्या टायरने तिचे धक्के सौम्य केले. सायकल स्त्रियांच्या आवाक्यात आली, तशी टीकाही सुरू झाली. काही डॉक्टरांनी स्त्रियांच्या प्रकृतीची चिंता वाहिली. रविवारच्या सायकल-सहलींमुळे प्रार्थनामंदिरे ओस पडतात, अशी तक्रार काही धर्मोपदेशकांनी केली. म्हणजे सायकल आणि श्रद्धा यांचे नाते त्या काळी अनेकांना वैराचेच वाटत होते.

अशा वेळी, मातृवियोगाने आणि अविश्रांत श्रमाने खचलेल्या विलार्ड यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकण्याचे ठरवले. इंग्लंडमध्ये आपली सहकारी लेडी हेन्री सॉमरसेट यांच्याकडे राहत असताना त्यांनी हा अभ्यास केला. लांब झगा, वय झालेले शरीर, दोन्ही बाजूंनी सायकल धरणारे मदतनीस आणि पडण्याचे भय, असा सगळा जामानिमा होता. रोज दहा-वीस मिनिटे, असे सुमारे तीन महिने त्यांनी चिकाटीने काढले. आपल्या सायकलचे त्यांनी ‘ग्लॅडिस’ असे लाडके नाव ठेवले. 1895 साली या अनुभवावर त्यांनी लहानसे पुस्तकही प्रसिद्ध केले.

सायकल शिकण्याची जी कारणे त्यांनी सांगितली, त्यांत प्रकृती होती, नवे कौशल्य मिळवण्याचा निर्मळ आनंद होता आणि या वयात हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याची मिस्कील इच्छाही होती. परंतु त्यांमागे एक जुनी सलही होती. बालपणी शेतावर त्या मोकळ्या धावत होत्या. सोळा वर्षे पुरी होताच लांब झगा आणि बांधलेले केस आले आणि ते धावणे संपले. त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी परत मिळवले ते हेच. आपण सायकलवर बसलेल्या दिसलो, तर हजारो स्त्रियांना धीर येईल, हे त्या जाणून होत्या. त्यांचे सायकल शिकणे हा खाजगी छंद राहिला नाही. ते एक जाहीर साक्ष देणे होते.

त्यांची श्रद्धा येथे कोठे दिसते? मेथडिस्ट हे नावच मुळी ऑक्सफर्डमधील काही तरुणांना त्यांच्या काटेकोर दिनक्रमावरून थट्टेने मिळालेले होते. ठरल्या वेळी प्रार्थना, ठरल्या वेळी अध्ययन, तुरुंगातील बंद्यांची विचारपूस; सारे पद्धतशीर. त्यांचे अध्वर्यू जॉन वेस्ली यांनी आयुष्यभर घोड्यावरून गावोगाव फिरून श्रमिकांना उपदेश केला. या परंपरेत श्रद्धा ही सणावाराची वस्तू नसून नित्याचे आचरण आहे आणि लोकांची वाट न पाहता लोकांपर्यंत जाणे हा तिचा धर्म आहे. सायकलही याच जातीची आहे. एका दिवसाच्या उत्साहाने ती येत नाही. रोज थोडी थोडी साधावी लागते. चाकाकडे पाहत राहणारा पडतो, पुढे वाटेवर दृष्टी ठेवणारा तोल सांभाळतो, हे विलार्ड यांना सायकलने शिकवले. तोल जाण्याचे मूळ बहुधा भीतीत असते, हेही त्यांच्या ध्यानात आले. असे धडे त्यांना प्रार्थनामंदिरातील प्रवचनाइतकेच मोलाचे वाटले.

1898 साली विलार्ड निवर्तल्या. तथापि त्यांनी हाताळलेला प्रश्न संपला नाही. बिहार राज्याने 2006 साली नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींच्या पटनोंदणीत 32 टक्के वाढ झाल्याचे आणि मुलामुलींमधील तफावत 40 टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. शाळा जितकी दूर, तितका लाभ अधिक. अनेक मुलींच्या शिक्षणात बुद्धीची वा इच्छेची अडचण नव्हती. अडचण तीन-चार किलोमीटरच्या वाटेची होती. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील गरजू मुलींना सायकली दिल्या जातात.

पालकहो, रहदारी वाढली आहे आणि मुलांच्या जिवाची काळजी वाटणे स्वाभाविक आहे. ती काळजी क्षुल्लक मानणे अन्यायाचे होईल. परंतु अनेक घरांत सातवीत शिकणाऱ्या भावाच्या हाती सायकल येते आणि दहावीतील बहिणीने मात्र सोबतीची वाट पाहावी, असा प्रघात आहे. ही भीती रहदारीची नाही. पुष्कळदा सायकल ही ऐपत नसल्याची खूण मानली जाते. म्हणून अर्ध्या कोसाच्या अंतरालाही गाडी काढली जाते आणि शाळेच्या दारातील गर्दीत सायकलवर येणाऱ्या लेकरांचीच वाट बिकट होते. धोका टाळण्याचा उपाय मुलींची सायकल बंद करणे हा नसून, रस्ता त्यांच्यासाठी मोकळा करणे हा आहे. दोन-चार घरांनी मिळून मुलींना एकत्र पाठवावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपली गाडी शाळेपासून थोडी दूर थांबवावी. घरात पडून असलेली सायकल दुरुस्त करून गरजू विद्यार्थिनीस द्यावी.

विलार्ड यांची श्रद्धा ख्रिस्ती होती. या सभेतील बहुतेकांची श्रद्धा वेगळी असेल. परंतु ज्या श्रद्धेमुळे दुसऱ्या कोणाची तरी वाट मोकळी होते, ती कोणत्याही धर्माची असो, वंदनीयच असते. अमीनाबादच्या त्या खोलीत सहा मुली पोहोचल्या, म्हणून पुढे एक महाविद्यालय उभे राहिले. आपल्या शाळेने साठ वर्षे दार उघडे ठेवले आहे. त्या दारापर्यंत प्रत्येक मुलगी आपल्या बळावर, निर्भयपणे येईल एवढी काळजी घरांनी घ्यावी, हीच या हीरकमहोत्सवी वर्षात शाळेची पालकांकडे मागणी आहे.