रामशेजचा वेढा : वर्गात कसा शिकवावा?



लढाया, सेनापती व सनावळी यांची घोकंपट्टी म्हणजे इतिहास नव्हे. आपल्या नाशिकच्या उत्तरेस असलेला रामशेज किल्लाच पाहा. १६८२ साली औरंगजेबाचा सरदार शिहाबुद्दीनखान याने या लहानशा गडास वेढा घातला. गडावर लोखंडी तोफ नव्हती. किल्लेदाराने झाडांचे बुंधे पोखरून तोफा केल्या, असे मोगल इतिहासकार खाफीखानानेच नमूद केले आहे. मोगलांनी लाकडी दमदमा उभारला, सेनापती बदलला. तरी गड वर्षानुवर्षे झुंजत राहिला. पुढे तो गेला, तो तोफेने नव्हे, लाचेने.

विद्यार्थ्यांस गडावर न्यावे. सन विचारण्यापूर्वी एवढेच विचारावे : तोफांपुढे टिकलेला गड पैशापुढे का पडला? उत्तर त्यांचे त्यांना शोधू द्यावे.